बारावा आवाज

३ फेब्रुवारी

मामा,

तुमच्या गुडघ्याची चौकशी शेवटी करते, आधी माझं ऐका. म्हणजे वाचा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ही ओरडून सांगायची गोष्ट नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

परवा दुपारी दोनच्या सुरुंगात एक दगड उडाला. तुम्ही म्हणाल, सुरुंगात दगड उडणार नाही तर काय फुलं उडणार? पण हा पाचशे चाळीस मीटर गेला. धोक्याची हद्द आम्ही पाचशेची धरतो आणि तिच्या आत त्या वेळी चिटपाखरू नव्हतं. दगड गेला हद्दीच्या बाहेर, वजनकाट्याच्या केबिनवर. पत्रा फोडून थेट खुर्चीत. काट्यावरच्या ताई पाण्याची बाटली भरायला तेवढ्यात उठल्या होत्या. परत आल्या, खुर्चीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझ्या बाटलीचं झाकण कुठे गेलं?" अर्धा तास त्या झाकणच शोधत होत्या. आम्हीही त्यांच्याबरोबर शोधत होतो, कारण दुसरं काय करायचं ते कोणालाच सुचत नव्हतं.

मामा, मला काही कळत नाहीये. चोवीस होल होती. नऊ मीटर उंच पायरीची बेंच. प्रत्येक होलचं वरचं तीन मीटर तोंड खडीच्या चुरीने ठासून बंद केलेलं. बारूद ठरल्याइतकीच, एकूण पोती जुळतात. भोंगा तीनदा वाजला, झेंडेवाले आपापल्या जागी होते. मी सगळे कागद चार वेळा तपासले. कागदावर एकही चूक नाही, आणि दगड खुर्चीत आहे.

तुम्ही याच खाणीत एकतीस वर्षं सुरुंग उडवलेत. तुमच्या खुर्चीत बसून मला जेमतेम आठ महिने झालेत. तुमच्या वेळी असं कधी झालं होतं का? काय झालं असेल?

गुडघा कसा आहे?

तुमची,
ठिणगी


९ फेब्रुवारी

ठिणगीस,

माणूस गेलं नाही ना? मग आधी चहा घे. खुर्ची नवी मिळते.

गुडघा कुरकुरतो. कानातलं मशीन त्याहून जास्त कुरकुरतं, म्हणून ते डब्यात ठेवून दिलंय. तुझी मामी म्हणते, मशीन डब्यात आणि तुम्ही घरात, दोघांचा उपयोग सारखाच.

आता कामाचं. सुरुंग नेमका कुठे होता ते तू लिहिलं नाहीस. पाणसाठ्याच्या टोकाला होता की मधे? बेंच खालून दुसरी की तिसरी? पाणसाठ्याकडच्या टोकावर आमच्या वेळी मातीचा मोठा ढिगारा टाकलेला होता, तो अजून तसाच आहे ना? असायला हवा. तिकडे काम काढण्यात काही अर्थ नाही, दगड हलका आहे.

दगड का उडतो याची पन्नास कारणं असतात. तोंड नीट ठासलं नाही, समोरची भिंत पातळ निघाली, खडकात भेग असली. तू शिकलेली आहेस, तुला मी काय सांगू.

सुरुंग कोणी भरला? अण्णाने? तो काय म्हणतो? की काहीच म्हणत नाही?

पाणसाठ्याच्या टोकाला होता का, एवढं उलट टपाली कळव.

मामा


१४ फेब्रुवारी

मामा,

एकाच पत्रात तुम्ही पाणसाठ्याचं टोक तीनदा विचारलंत. आधी हसू आलं, मग जरा काळजी वाटली. मामीला सांगून डॉक्टरांकडे जाऊन याल का? रागावू नका.

उत्तर देते. सुरुंग मधे होता, दुसऱ्या बेंचवर. पाणसाठ्याच्या टोकापासून साठ मीटर लांब. सोबत नकाशा काढून पाठवते आहे. आणि तो मातीचा ढिगारा आता नाही. गेल्या वर्षीच हलवला. खालचा दगड हलका वगैरे अजिबात नाही, उत्तम आहे. पुढची चोवीस होल तिकडेच आहेत. जागांवर पांढऱ्या रंगाने खुणाही केल्यात. चौकशी संपेपर्यंत सुरुंग बंद ठेवलेत, पण ड्रिल या आठवड्यात सुरू होईल.

अण्णांनीच भरला होता. आणि तुम्ही बरोबर ओळखलंत, ते काहीच म्हणत नाहीत. त्यांना कामावरून दूर केलंय. चौकशीवाल्यांचं म्हणणं, त्यांनी एखाद्या होलचं तोंड तीनऐवजी दीडच मीटर ठासलं असणार आणि कागदावर तीन लिहिलं. मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "अण्णा, तुम्ही टेप लावून मोजत होतात, मी पाहिलंय." ते म्हणाले, "काय लिहायचं ते लिहू दे त्यांना." म्हटलं, "पण खरं काय ते तर सांगा." तर म्हणाले, "मामा बरे आहेत ना?"

मी दगडाबद्दल विचारतेय आणि माणूस तुमची तब्येत विचारतोय!

आणि मी खरंच पाहिलंय का? चोवीसपैकी आठ होल मी स्वतः तपासली होती. बाकीची सोळा पाहिली की पाहिल्यासारखी वाटताहेत, आता मला शपथेवर सांगता येईना.

ठिणगी


२० फेब्रुवारी

ठिणगी बाळा,

हे पत्र मामांचं नाही, माझं आहे. तू त्यांना काय लिहिलंस? परवा तुझं पाकीट आलं. त्यांनी वाचलं, आतला नकाशा टेबलावर पसरला, वर चष्म्याची पेटी ठेवली आणि बसून राहिले. जेवायला हाक मारली तर ऐकू येत नाहीच, पण खांद्याला हात लावला तरी उठेनात.

काल सकाळी मला फोनपाशी नेलं, तुझा नंबर फिरवायला लावला आणि म्हणाले, "तिला सांग, पाणसाठ्याकडचं ड्रिल आत्ताच्या आत्ता थांबव." मी तुला तेवढंच सांगितलं. तू "का?" विचारलंस, मी त्यांच्याकडे बघून हाताने "का?" केलं, तर ते खिडकीकडे तोंड करून उभे. पोरी, तुला ते वेडेपणाचं वाटलं असेल. मलाही वाटलं. पण सदतीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला फोन लावायला कधी सांगितलं नव्हतं.

आता लिहायला बसलेत. लिहितात, फाडतात. टोपली भरली आहे.

मामी


२२ फेब्रुवारी

ठिणगीस,

ड्रिल थांबवलं असशील. नसेल तर हे पत्र खाली ठेव, आधी थांबव आणि मग पुढचं वाच.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पाणसाठ्याच्या टोकाला आम्ही बारा होल भरली होती. तेव्हा होल अर्ध्या अर्ध्या सेकंदाने एकामागून एक उडायची, आतासारखी डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी नाही. त्यामुळे आवाज मोजता यायचे. मोजायचेच, असा नियम होता. बारा भरली तर बारा ऐकायचे. एक जरी कमी पडला तर तिथे जिवंत सुरुंग राहिला असं समजून जागा बंद करायची.

सुरुंग उडाला. अण्णा माझ्या शेजारी उभा होता, तेव्हा चांगला जवान होता. तो म्हणाला, "साहेब, अकराच झाले." मी म्हणालो, "बारा झाले. मी मोजलेत." तो म्हणाला, "मला अकराच ऐकू आले." मी जरा जोरात बोललो, चारचौघांत. "तुला मोजता येत नसेल तर दुसरं काम बघ." मी रजिस्टरमध्ये बारा लिहिले आणि सही केली.

ठिणगी, मी मोजलेच नव्हते. मला ऐकूच येत नव्हतं.

कान जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. पहिले दोन-तीन आवाज छातीत जाणवायचे, पुढचं सगळं एकच घों घों. मी माणसांची तोंडं बघून अंदाजाने मोजायचो. मोजून झालं की सगळ्यांचे खांदे खाली येतात, ते बघायचो आणि आकडा सांगायचो. कान तपासायला सांगितले असते तर मला सुरुंगावरून काढून कुठेतरी स्टोअरमध्ये बसवलं असतं. मला दुसरं काही येत नव्हतं. येत नव्हतं म्हणण्यापेक्षा, मला दुसरं काही व्हायचं नव्हतं.

दोन दिवसांनी त्या टोकाला पाणी लागलं, काम बंद झालं आणि तिथे माती टाकायचं ठरलं. मी जातीने उभा राहून माती टाकून घेतली. मला वाटलं, संपलं.

अकरा की बारा, ते मला आजही माहीत नाही. शपथ घेऊन सांगतो, माहीत नाही. कदाचित बाराच झाले असतील आणि अण्णाच चुकला असेल. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता मला तो बारावा आवाज आठवतोसुद्धा. बहिऱ्या माणसाला न ऐकलेला आवाज आठवतो, बोल!

तुझा दगड त्या राहिलेल्या सुरुंगानेच उडाला असणार. अण्णालाही तसंच वाटत असणार, म्हणून तो गप्प आहे. मला वाचवतोय.

हे वाचून फाडून टाक. मामीला काही माहीत नाही.

मामा


२ मार्च

मामा,

फाडलेलं नाही.

आधी सांगते ते नीट वाचा. मामीचा फोन आला तेव्हा मी ड्रिलच्या शेजारीच उभी होते. पहिलंच होल, दीड मीटर झालं होतं. मी हात वर केला, ड्रिलवाल्या काकांनी मशीन बंद केलं. मॅनेजरसाहेब धावत आले. "का थांबवलं?" मी म्हटलं, "मामांनी सांगितलंय." तुम्ही कल्पना करा, मामा. या खाणीची ब्लास्टिंग ऑफिसर चारचौघांत सांगते आहे की मामांनी सांगितलंय! साहेब हसलेसुद्धा नाहीत. "उद्यापर्यंत नीट कारण द्या," म्हणाले. तुमचं पत्र येईपर्यंत तो 'उद्या' मी कसा लांबवला, ते माझं मला माहीत.

तुमचं पत्र वाचून मी काय करावं ते मला दोन दिवस कळलं नाही. राग आला. मग तुम्ही माणसांच्या खांद्यांकडे बघत उभे आहात असं डोळ्यांसमोर आलं आणि राग कुठे ठेवावा कळेना. मग परत आला.

पण एक गोष्ट तुम्ही चुकीची धरून बसला आहात. खुर्चीतला दगड तुमच्या सुरुंगाने उडालेला नाही. साठ मीटर अंतर आहे, मामा. मी फोनवर सुरुंगाचं चित्रण केलं होतं, ते पन्नासदा पाहिलं. दगड निघाला तो सातव्या होलच्या समोरून, भिंतीतून, पिचकारी सुटावी तसा. तुमच्या टोकाचा त्याच्याशी काही संबंध नाही. तुम्ही तिकडे स्वतःला दोषी धरताय, अण्णा इकडे तुमच्यासाठी गप्प बसलेत, आणि दोघांनाही ज्याचं वाईट वाटतंय ते घडलेलंच नाही. आणि जे घडलं त्याबद्दल कोणी बोलतच नाही.

पण तुमचा बारावा सुरुंग तिथे असू शकतो. ज्या खुणांवर आम्ही ड्रिल घालणार होतो तिथेच. त्याचं कारण मला कागदावर द्यावं लागेल, आणि अण्णांचं तोंड उघडायचं तर त्यांना कळावं लागेल की तुम्ही बोललात. दोन्हीसाठी तुमचं पत्र दाखवावं लागेल. तुम्हाला विचारल्याशिवाय मी ते करणार नाही. मला हो किंवा नाही कळवा.

'नाही' म्हणालात तर काय करीन, ते मला माहीत नाही.

ठिणगी


१९ मार्च

मामी,

फोनवर तू म्हणालीस, "चष्म्याची दांडी बसवून येतो सांगून गेले, आणि दुसऱ्या दिवशी आले. कुठे होतात विचारलं तर म्हणतात, कामावर." आणि मला म्हणालीस, "जे झालं ते सगळं लिही, घरच्यांसमोर फोनवर मला काही विचारता येत नाही." तर लिहिते.

माझ्या पत्राला मामांचं उत्तर आलंच नाही. पंधरा दिवस वाट पाहिली. मंगळवारी चौकशीची शेवटची बैठक होती. दहा वाजता गेटवरून फोन, "मॅडम, एक म्हातारे गृहस्थ आलेत, आत सोडा म्हणतात, पास नाही. काही विचारलं की नुसती मान हलवतात." मी गेले तर मामा. इस्त्रीचा शर्ट, जुने बूट. मला म्हणाले, "कागदाने काय होतंय? मीच आलो." सगळ्या आवाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

बैठकीत तीन साहेब. त्यांना कळलं की यांना ऐकू येत नाही, तेव्हा प्रश्न कागदावर लिहून द्यायचं ठरलं. एक प्रश्न लिहायचा, मामांनी चष्मा सावरत वाचायचा आणि उत्तर द्यायचं. आणि उत्तर म्हणजे आरोळी. बाहेर डंपरवाले इंजिनं बंद करून उभे राहिले. पहिल्या साहेबांनी हाताने "हळू" केलं, तर मामांना वाटलं, "बसा." ते उभेच राहिले.

मामांनी बाराव्या सुरुंगाचं सगळं सांगितल्यावर एकाने लिहून विचारलं, "रजिस्टरमध्ये बारा असं का लिहिलंत?"

मामा म्हणाले, "कारण मला ऐकू येत नव्हतं, आणि ते सांगायची मला लाज वाटत होती!"

अण्णा बाहेर बाकावर बसले होते. ते दार लोटून आत आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मामांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे तुम्हाला ऐकूच येत नव्हतं?"

मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "काय म्हणतोय हा?"

"बावीस वर्षं," अण्णा म्हणाले, "मला वाटत होतं, मलाच मोजता येत नाही. त्या दिवसापासून प्रत्येक भरलेलं होल मी दोन्ही हातांच्या बोटांवर मोजतोय."

"अगं, काय म्हणतोय?" मामा पुन्हा.

मला ते लिहून द्यायचा धीर होईना. मग अण्णांनीच साहेबांच्या हातातला पेन घेतला, कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं, फाडून मामांना दिलं. मामांनी वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. काय लिहिलं होतं ते मी पाहिलं नाही. विचारलं, तर मामांना ऐकू आलं नाही. खरंच आलं नाही की कसं, देव जाणे.

मग अण्णा बोलले. दीड महिना जे पोटात ठेवलं होतं ते. "मलाच मोजता येत नाही असं वाटायचं, म्हणून बोललो नाही. सातव्या होलने दीड पोतं बारूद जास्त खाल्ली. शेवटच्या तीन होलांत पाणी होतं, त्यात कमी गेली. एकूण जुळलं. कागदावर एकूणच लिहायचं असतं." लगेच ड्रिलवाल्या काकांना बोलावलं. ते म्हणाले, "सातव्यात पाच मीटरवर रॉड गपकन खाली गेला होता, लाल चिखल वर आला होता. आत पोकळी असणार." साहेब म्हणाले, "मग सांगितलं का नाही?" काका म्हणाले, "कुणाला? फॉर्मवर खोली लिहायची जागा आहे. चिखलाची नाही."

म्हणजे एकाला रॉड पडलेला माहीत होता, दुसऱ्याला पोतं जास्त गेलेलं माहीत होतं, आणि माझ्याकडे सगळे कागद बरोबर होते. पोकळीत जास्तीची बारूद साचली आणि तिने समोरची कच्ची भिंत फोडून दगड भिरकावला. इतकं सोपं. तिघं एकदा चहाला एकत्र बसलो असतो तरी कळलं असतं.

मामांना मी रात्री माझ्याकडे ठेवून घेतलं, सकाळी गाडीत बसवून दिलं. त्यांचं सुरुंगाचं सर्टिफिकेट परत मागितलंय, ते द्यायला लाव. त्यांच्यावर रागावू नकोस म्हणत नाही. रागाव, पण कागदावर लिहून रागाव, म्हणजे त्यांना कळेल.

ठिणगी


४ एप्रिल

मामा,

अकरा.

वेगळ्या कुठल्या शब्दाने सुरुवात करावी ते सुचलं नाही.

बारूदच्या कारखान्यातले दोन जाणकार आले होते. पाणसाठ्याचं टोक दोऱ्या लावून बंद केलं, मशीन लांब नेलं आणि वरचा थर हाताने, खराट्याने झाडत गेलो. तीन दिवस. जुन्या होलांचे तळ एकेक करून दिसू लागले, काळे, तडकलेले, रिकामे. अण्णांना चौकशीने निर्दोष ठरवलंय, ते दोरीबाहेर उभे राहून मोजत होते. अकरा रिकामे निघाले. बारावा कुठे असेल यावर त्यांचं आणि तुम्ही त्या रात्री माझ्याकडे काढून दिलेल्या नकाशाचं जुळेना. तुम्ही म्हणाला होतात पाण्याच्या बाजूला, ते म्हणाले उलट्या. आम्ही पाण्याच्या बाजूला एक दिवस फुकट घालवला. उलट्या बाजूला निघाला. भरलेला, तोंड ठासलेलं, दोन रंगांच्या वायरी अजून ओळखू येत होत्या.

मी थांबवलेलं ते दीड मीटरचं होल त्यापासून एक वीत आणि चार बोटं लांब होतं. खाली ते कलतं झालं होतं, त्याच्याच दिशेने. ड्रिलवाले काका तिथेच मांडी घालून बसले.

सगळ्यांना सातशे मीटरवर नेऊन, वाळूची पोती रचून, काल दुपारी तो जागेवरच उडवला. बटण अण्णांनी दाबलं. दाबल्यावर बोट वर केलं. एक.

तुम्हाला हे लिहिताना मला बरं वाटतंय की वाईट, ते कळत नाहीये. तुम्ही बोलला नसतात तर काका आज नसते. आणि तुम्ही तेव्हाच बोलला असतात तर तो सुरुंगच तिथे नसता. दोन्ही खरं आहे. मी एकाच माणसाचे आभार मानू आणि त्याच्यावर चिडू, दोन्ही एकदम कसं करायचं असतं?

आता ड्रिलवाल्यांना स्वतःची वही दिलीय. रॉड पडला, चिखल आला, आवाज बदलला, सगळं लिहायचं, आणि ती वही वाचून माझी सही झाल्याशिवाय बारूद गाडीतून उतरत नाही. प्रत्येक होलची पोती वेगळी लिहितो, एकूण नाही. भिंतीची जाडी मोजायचं मशीन मागवलंय. हद्द सहाशेची केली. काट्यावरच्या ताई, सुरुंग लांबच्या टोकाला आणि केबिन हद्दीबाहेर असली तरी, गेटवर येऊन उभ्या राहतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही.

ठिणगी


१० एप्रिल

ठिणगीस,

पत्र मिळालं. मी तो एक शब्द वाचून पत्र पालथं ठेवलं आणि बाहेर फेरी मारून आलो. बाकीचं नंतर वाचलं.

मला वाटत होतं, बारा निघावेत. बारा निघाले असते तर मी बरोबर असतो. मग वाटलं, बारा निघाले तर अण्णाला बावीस वर्षांनी पुन्हा कळणार की त्याला मोजता येत नाही. मग काय निघावं ते मला कळेना. अकरा निघाले तेच बरं. तो बरोबर होता. मी त्याला जे चारचौघांत बोललो ते चारचौघांतच परत घेतलं, एवढं तरी झालं. आवाज मोठा होता म्हणे, तेही बरंच झालं.

तू विचारलंस, चिडायचं आणि आभारही मानायचे कसं. मामी सध्या तेच करते आहे. चहा देते, कप आपटते. तिला विचार.

अण्णाने चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते मी कोणाला सांगणार नव्हतो. तुला सांगतो. लिहिलं होतं, 'तेव्हाच सांगितलं असतंत तर तुमच्या वाटचं मी ऐकलं असतं.'

एवढंच. मी ती चिठ्ठी रोज वाचतो आणि रोज मला तिचा अर्थ वेगळा लागतो.

सर्टिफिकेट पाठवलं. तुझ्या वह्या, तुझी मशीनं, सगळं उत्तम. पण एक गोष्ट तू केलेली नाहीस. सुरुंगावर काम करणाऱ्या प्रत्येक माणसाचे कान दरवर्षी तपासून घे. कान कमी निघाला म्हणून कोणाला स्टोअरमध्ये टाकणार नाही, हे साहेबांकडून आधी लिहून घे, नाहीतर सगळे माझ्यासारखे खांदे बघत उभे राहतील. आणि पहिली तपासणी तुझी. तू आठ वर्षं कुठल्या ना कुठल्या खाणीत आहेस. मला शिकवू नकोस की तुला सगळं ऐकू येतं.

मामा


२२ एप्रिल

मामा,

साहेबांकडून लिहून घेतलं. काल तपासणी झाली. सगळ्यात आधी मी गेले, तुम्ही म्हणालात म्हणून, आणि अण्णा दाराशी उभे होते म्हणूनही.

छोटी बंद खोली असते. कानावर हेडफोन, हातात बटण. डॉक्टरीणबाई काचेपलीकडे बसल्या. म्हणाल्या, "आवाज आला की दाबायचं." सोपं वाटलं. टूं, दाबलं. बारीक टूं, दाबलं. मग आणखी बारीक. दाबलं. दाबलं. पाच मिनिटांनी त्यांनी दार उघडलं आणि विचारलं, "मगाशी तुम्ही तीनदा बटण दाबलंत, तेव्हा मी आवाज सोडलाच नव्हता. काय ऐकू आलं तुम्हाला?"

मामा, मला काही ऐकू आलं नव्हतं. मी काचेतून त्यांच्या हाताकडे बघत होते. त्यांचा हात हलला की मी दाबत होते. मला कोणी सांगितलं नव्हतं असं करायला, मी ठरवलंही नव्हतं. मला कळलंसुद्धा नाही की मी तसं करतेय.

त्या म्हणाल्या, "पाणी हवंय का?" मी म्हटलं, "नको. मी खुर्ची भिंतीकडे फिरवून बसते. पुन्हा पहिल्यापासून घ्या."

त्यांनी पुन्हा घेतली. या वेळी बराच वेळ मी दाबलंच नाही. उजवा कान चांगला आहे. डावा कमी आहे. त्या म्हणाल्या, "फार नाही, काठावर आहे, चांगला लिहिला तरी चालेल." मी म्हटलं, "कमी लिहा." त्यांनी लिहिलं. मी खाली सही केली, आणि बाहेर येऊन अण्णांना म्हटलं, "डावीकडून बोललात तर जरा मोठ्याने बोला."

ठिणगी